तरुण संघात सिनेमा पाहायचा तर कसा पाहायचा?

प्रश्न आला आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्याकडून. थोडक्यात तो असा: "आमची मुलं रोज मोबाइलवर सिनेमे पाहतात. वडीलधारी माणसं म्हणतात, सिनेमा जगाचा आहे, विश्वासणाऱ्याने त्यापासून लांब राहावं. वर्षातून एकदा, दुःखसहनाच्या म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यात, येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवतात, बाकी वर्षभर या विषयावर कुणी बोलत नाही. तरुण संघात एखादा साधा, सगळ्यांना माहीत असलेला चित्रपट घेऊन त्यावर बोलता येईल का? कसं? आणि कुठला घ्यावा?"

येईल, आणि जरूर बोला. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. पुण्यात आणि नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जास्त, वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत अधूनमधून. पद्धत सांगायची तर एवढीच: आधी चित्रपट पूर्ण पाहू द्या, मग लोकांनी काय पाहिलं ते ऐका, आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शेवटी उघडा. सगळा भर या क्रमावर आहे. बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा होतो. पाळकसाहेबांच्या, म्हणजे पास्टरांच्या, मनात उपदेश आधीच तयार असतो आणि चित्रपट त्याच्यासाठी उदाहरण म्हणून आणलेला असतो. मुलांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि मग ती तोंड उघडत नाहीत.

वडीलधाऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. आपल्या भागात सिनेमा आला तो तंबूतून, जत्रेबरोबर, आणि जत्रेत दारू, जुगार हे सगळंच असायचं. ज्या आजी-आजोबांनी ते सोडून नवं आयुष्य उभं केलं, त्यांच्या दृष्टीने तंबूत न जाणं ही त्यांची साक्ष होती. आज नातू खिशातच तंबू घेऊन फिरतो तेव्हा त्यांना धास्ती वाटणारच. त्यांच्याशी बोलताना बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय निघतो: जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, त्यांचं मनन करा. हे वचन नेहमी 'शुद्ध' या शब्दावर बोट ठेवून सांगितलं जातं. पण सत्य आणि न्याय्य त्याच्या आधी आलेले आहेत. जो चित्रपट गावातला अन्याय जसाच्या तसा समोर ठेवतो, तो या वचनाच्या बाहेर कसा जाईल? मी हे वडीलधाऱ्यांना विचारतो तेव्हा ते रागावत नाहीत, विचार करतात. एक गोष्ट नक्की करा: पहिला चित्रपट तरुणांना दाखवायच्या आधी मंडळीतल्या दोन-तीन मोठ्यांना घरी बोलावून दाखवा. नुसती परवानगी मागितली तर उत्तर 'नको' येतं. स्वतः पाहिल्यावर तीच माणसं संघात येऊन बसतात.

ही ओढाताण आपल्यापुरती नाही. अमेरिकेत १९३४ पासून कॅथलिक लोक चर्चमध्ये उभं राहून अशोभनीय चित्रपट न पाहण्याची शपथ घेत, आणि पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या परिपत्रकात त्या मोहिमेचं कौतुक केलं होतं. त्याच काळात दुसरी वाटही तयार होत होती. कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना १९२८ मध्येच सुरू झाली होती. १९७४ पासून कान चित्रपट महोत्सवात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं एकत्र परीक्षक मंडळ बसतं आणि मुख्य स्पर्धेतल्या एका चित्रपटाला पुरस्कार देतं. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१६ च्या आपल्या पत्रात, कुटुंबातल्या प्रेमाविषयी लिहिताना, 'बाबेट्स फीस्ट' या डॅनिश चित्रपटाचा उल्लेख केला. म्हणजे कुंपण घालणारेही चर्चमधलेच होते आणि मन लावून पाहणारेही. वडीलधाऱ्यांना हा इतिहास सांगितला की आपण काही नवीन खूळ आणलेलं नाही हे त्यांना पटतं.

आणि भारतीय सिनेमाचा उगम तर येशूच्या चित्रपटाशी जोडलेला आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनीच लिहिलं की पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनासमोर कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात प्रदर्शित झाला. दादासाहेबांनी ख्रिस्तपट पाहिला तो एका श्रद्धावान हिंदूच्या डोळ्यांनी. ते त्याच्यावर चिडले नाहीत, आपला धर्मही सोडला नाही. त्यात जे होतं ते पूर्ण पाहिलं आणि स्वतःच्या जागेवरून त्याला उत्तर दिलं. आपण त्यांच्या परंपरेतले सिनेमे तितक्याच मोकळ्या मनाने पाहावेत, अशी माझी इच्छा आहे.

शास्त्रात आधार विचारला तर लोक प्रेषित पौलाचं अथेनैमधलं (अथेन्समधलं) भाषण काढतात, आणि ते बरोबरच आहे. त्याने आधी शहरभर फिरून त्यांची पूजास्थानं बारकाईने पाहिली, त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या, आणि मग बोलला. मला मात्र दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय जास्त जवळचा वाटतो. दावीद राजाने उरीया या आपल्या सैनिकाची बायको घेतली आणि उरीयाला मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे जातो आणि गोष्ट सांगतो: एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, पोरांबरोबर वाढलेली, त्याच्या ताटातलं खाणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने स्वतःचं मेंढरू न मारता ती कोकरी घेतली. दावीद संतापतो, त्या माणसाला शिक्षा ठोठावतो. त्यानंतरच नाथान म्हणतो की तो माणूस तूच आहेस. गोष्ट अर्ध्यावर थांबवून नाथानने बोध सुरू केला असता तर राजाला राग आला असता तो नाथानचाच. चांगला चित्रपट हेच करतो. पडद्यावरच्या अन्यायाची चीड येते, आणि थोड्या वेळाने ती चीड आपल्याच दिशेने वळते. ती वळायला वेळ लागतो. तो वेळ देणं हे तुमचं काम. 'तो माणूस तूच' हे म्हणायला नाथानला परमेश्वराने पाठवलं होतं. आयोजकाने ती घाई करू नये.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो.

चित्रपट तुम्ही स्वतः दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा वही घेऊन: कुठे शांतता आहे, कुठे लोक मान वळवतील, कुठे हसतील आणि हसल्याचं नंतर वाईट वाटेल. कापाकापी करून दाखवू नका. 'एवढाच प्रसंग दाखवतो' म्हटलं की तो चित्रपट राहत नाही, उपदेशातला दाखला होतो. शनिवारची संध्याकाळ चांगली. मध्ये चहा ठेवा, पण चहाच्या वेळी चर्चा नको.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका, आणि पहिला प्रश्न विचारा: कुठलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे? एवढाच. 'यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न विचारू नका. शाळेत धड्याखाली तो प्रश्न वर्षानुवर्षं सोडवून मुलांना त्याचं तयार उत्तर देता येतं, आणि ते उत्तर आलं की विषय संपतो. दृश्याबद्दल विचारलं की दहावीतला मुलगाही बोलतो, कधी चर्चमध्ये न बोलणारी काकूही बोलते. प्रत्येकाला वेगळं दृश्य आठवतं आणि का आठवलं हे सांगताना ती व्यक्ती स्वतःबद्दल बोलायला लागते. निदान अर्धा तास यावरच राहा. मग विचारा, कुणाची बाजू पटली, कुणाची नाही. दिग्दर्शकाशी कुठे मतभेद आहे. चित्रपटाला सगळं खरं माहीत असतं असं नाही, आणि विश्वासणाऱ्याने तिथे आपलं वेगळं मत निर्भयपणे मांडावं. शास्त्र त्यानंतर. पाळकांना प्रेमाने सांगा की ते मागच्या रांगेत बसतील आणि बोलायचंच असेल तर सर्वांत शेवटी. हे सांगणं अवघड जातं, पण सांगावं लागतं. ते पुढे बसले की सगळे उत्तरं त्यांच्याकडे पाहून देतात. आणि शेवटी 'कोण प्रभूला जीवन देणार, हात वर करा' असं आवाहन करू नका. ते उपासनेत करा, तिथे त्याची जागा आहे.

पहिला चित्रपट म्हणून मी बहुतेक वेळा 'श्वास' सुचवतो. २००४ चा, संदीप सावंत यांचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरात डॉक्टरकडे येतात, आणि कळतं की मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह असतो की हे मुलाला आधी सांगायला हवं. आजोबांच्या तोंडून ते निघत नाही. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात, कारण डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायचं असतं.

एका मंडळीत यावर बोलताना चर्चा डोळ्यांवरून चटकन दुसरीकडे गेली. एका बाईंनी विचारलं, पोराला सांगायलाच हवं होतं का? आणि मग घराघरांतल्या गोष्टी निघाल्या. आईला कर्करोग होता, सगळ्या घराला माहीत होतं, फक्त आईला सांगितलं नव्हतं. पाळक प्रार्थनेला यायचे तेव्हा दारातच त्यांना दटावलं जायचं की आजाराचं नाव काढू नका. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून सगळे काहीतरी लपवत प्रार्थना करतात, आणि आजाऱ्याला ते कळलेलं असतं, म्हणून तोही लपवतो. आजाऱ्यांना भेटी देणारे आमचे जे कार्यकर्ते आहेत, त्यांच्यासाठी त्या एका संध्याकाळी जे घडलं ते कुठल्या शिबिरात घडलं नव्हतं. शेवटी आम्ही स्तोत्र ८८ वाचलं, सगळ्या स्तोत्रांतलं असं एक की जे अंधारातच संपतं, बरं झाल्याची साक्ष त्यात नाही. 'श्वास'मध्येही डोळे परत येत नाहीत. आपल्या साक्षीच्या सभांत फक्त बरे झालेलेच उभे राहतात. जे बरे झाले नाहीत त्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

दुसरा चित्रपट 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा, २०१४ मध्ये प्रदर्शित झालेला. हा तुमच्या भागासाठी मी आग्रहाने सांगेन. नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातल्या आपल्या मंडळ्या बहुतांश कुठल्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या हे आपल्याला माहीत आहे, फक्त आपण ते मोठ्याने बोलत नाही. चित्रपटात कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, शालू नावाच्या मुलीवर त्याचा जीव आहे, आणि गावाने त्याच्या घराला डुकरं पकडायचं काम लावलेलं आहे. एक प्रसंग आहे: सगळं कुटुंब धावून धावून डुकराला घेरतं, आता पकडणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, ताठ उभा राहतो. मग घरचेही उभे राहतात. डुक्कर आरामात निघून जातं. पुढे तेच डुक्कर पकडून काठीला बांधून नेताना शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं मागे दिसत राहतात. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे, पडद्याच्या बाहेर.

तरुण आधी जब्या-शालूबद्दल बोलतात, हसतात. बोलू द्या. मग मी एकच विचारतो: तो दगड कुणाला लागला? एका ठिकाणी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या गावातली विहीर, शाळेतली बसायची जागा, हे सगळं सांगितलं. त्यांच्या नातवंडांनीसुद्धा ते कधी ऐकलं नव्हतं. नावं बदलली, घरं बदलली, नोकऱ्या लागल्या, आणि जुनं सगळं झाकून टाकलं गेलं होतं. मला वाटलं आता इथेच थांबावं. पण एका मुलीनेच पुढचा प्रश्न केला: आपण म्हणतो ख्रिस्तात जात नाही, मग लग्न जुळवताना 'मूळचे कोण' हे का विचारतात? आणि तिने स्वतःच गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढला, यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद ख्रिस्तात उरला नाही म्हणणारा. त्या संध्याकाळी नाथान कोण होता ते मला सांगायची गरज पडली नाही. मी पाहिजे तेवढी तयारी करून गेलो असतो तरी हा प्रश्न मला त्या धैर्याने विचारता आला नसता, कारण त्याची किंमत तिला मोजावी लागणार होती, मला नाही. तुमच्याकडे असं घडलं तर चर्चा तिथे गुंडाळू नका, आणि त्या मुलीला नंतर एकटी पडू देऊ नका. घरी बोलणी बसतात.

महिला मंडळासाठी मी 'संत तुकाराम' घेतो, प्रभातचा, १९३६ चा. हे ऐकून काही जण दचकतात. त्यांना मी आठवण करून देतो की आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत, आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरच्या मातीतलीच आहे. आपल्या पूर्वजांनी टाळ-चिपळ्या परक्या मानल्या नाहीत. पण बायकांची चर्चा तुकारामांवर फार वेळ राहत नाही, ती त्यांच्या बायकोवर, आवलीवर जाते. नवरा देवाच्या नादात, घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि शेवटी वैकुंठाचं विमान आलं तरी ही बाई म्हणते मी येत नाही, पोरांचं कोण बघणार. आपल्याकडे मार्था आणि मरीया या बहिणींवर, येशू घरी आला तेव्हा राबणारी एक आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी दुसरी, उपदेश होतात तेव्हा मार्थेला नेहमी बोल लावला जातो. आवली पाहिल्यावर बायका मार्थेच्या बाजूने बोलायला लागतात, आणि लूकचा दहावा अध्याय पुन्हा वाचावा लागतो, नीट, सावकाश. मंडळीचं प्रीतिभोजन कोण रांधतं हाही मुद्दा मग निघतोच.

हलकंफुलकं हवं असेल तर 'अमर अकबर अँथनी'. अँथनी आपल्या कमाईचा अर्धा वाटा देवाला देतो आणि त्याला 'पार्टनर' म्हणतो. सगळे हसतात. त्यानंतर विचारा, आपला दशमांश (कमाईचा दहावा भाग) आणि आपले नवस याहून किती वेगळे आहेत?

याच चित्रपटावरून आणखी एक विषय निघतो, ख्रिस्ती माणूस पडद्यावर दिसतो कसा. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती म्हणजे मुंबई-गोव्याचा, मोडकं हिंदी बोलणारा, हातात बाटली, नाहीतर खलनायकाच्या अड्ड्यावरची मोना. चर्च लागतं ते लग्नाला, कबुलीजबाबाला, नाहीतर लपायला. नगरच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या, नऊवारी नेसलेल्या सासूची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती बाई तिथे कुठेच नाहीत. वसईच्या वाडीत केळी पिकवणारा शेतकरीही नाही. म्हणून आपल्या मुलांना कॉलेजात विचारतात, 'तू ख्रिश्चन वाटत नाहीस.' मुलांना हे बोलू द्या, आणि मग त्यांना लिहायला, छोटे चित्रपट करायला सांगा. मोबाइल सगळ्यांकडे आहे. १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आपली गोष्ट दुसऱ्याने सांगावी म्हणून वाट पाहत बसणं मला पटत नाही.

कधी असा चित्रपट येतो ज्याने मन दुखावतं. २००६ मध्ये येशूचं लग्न झालं होतं असं दाखवणारा 'द दा विंची कोड' आला तेव्हा मुंबईत निदर्शनं झाली. सेन्सॉर मंडळाने त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं आणि कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडायला लावली, तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. आंध्रातली बंदी उच्च न्यायालयाने उठवली. माझं मत स्पष्ट आहे: न पाहिलेल्या चित्रपटावर मंडळीने पत्रक काढू नये. पाहा, नेमका आक्षेप काय ते लिहा, कायद्याने जिथे मांडायचा तिथे मांडा. बंदीची मागणी करू नका. आपण अल्पसंख्य आहोत, आणि बंदी घालायची सवय एकदा लागली की ती आपल्या पुस्तकांपर्यंत यायला वेळ लागत नाही. त्या चित्रपटाने आपल्याच तरुणांच्या मनात चार शुभवर्तमानं कशी ठरली, ती कुणी निवडली असे प्रश्न उभे केले होते. त्यांचं उत्तर शिकवण्यातूनच द्यायचं असतं, आणि ते द्यायला पाळकांना अभ्यास करावा लागतो.

आता येशूच्या जीवनावरच्या चित्रपटांबद्दल. १९७९ चा 'जीझस' लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला आहे आणि मराठीसह दोन हजारांहून जास्त भाषांत आला आहे. १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडू', हिंदीत 'दयासागर', गावोगावी पांढऱ्या पडद्यावर पाहिलेला अनेकांना आठवत असेल. यांचा मला आदर आहे. दाखवत राहा. पण त्यांच्यावरही तसंच बोला: हा येशू गोरा का आहे, कुठला प्रसंग वगळला, आपल्या मनातला येशू याच्याशी कुठे जुळत नाही. मेल गिब्सन यांचा २००४ चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' लहान मुलांना दाखवू नका, कितीही भक्तिभाव असला तरी. फटक्यांचा तो प्रसंग मुलांना रात्री झोपू देत नाही, आणि त्या भीतीला विश्वास समजण्याची चूक होते. मोठ्यांना दाखवाल तेव्हा त्यातल्या यहूदी पुढाऱ्यांच्या चित्रणावर जे आक्षेप आले तेही सांगा.

शेजारपाजारच्या हिंदू, बौद्ध, मुस्लिम मित्रांना बोलवणार असाल तर निमंत्रणातच स्पष्ट लिहा: कुठला चित्रपट, नंतर चर्चा आहे, चर्चा ख्रिस्ती लोक घेणार आहेत, शेवटी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. सिनेमाचं नाव सांगून बोलावायचं आणि दिवे लागल्यावर उपदेश करायचा, हे खोटं वागणं आहे. आजच्या वातावरणात ते धोक्याचं आहे हे खरं, पण धोका नसता तरी ते चुकीचंच. 'श्वास' किंवा 'फँड्री'वर शेजारी आपल्याबरोबर बरोबरीने बोलतात, कधी आपल्याहून खोल. त्यांचं ऐकून घ्या.

दुर्बळ विवेकाचा, म्हणजे एखाद्या गोष्टीने ज्याचं मन डळमळेल अशा माणसाचा, प्रश्न राहिला. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय मी इथे शब्दशः पाळतो. दारू सोडलेल्या माणसाला दारूच्या अड्ड्यावरचा चित्रपट दाखवायचा नाही. घरात मारहाण सोसलेल्या बाईला आधी न सांगता तसं दृश्य समोर आणायचं नाही. चित्रपटात काय काय आहे ते आठवडाभर आधी सांगा, आणि न येणाऱ्याला कारण विचारू नका. न येणाऱ्याचा विश्वास कच्चा, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. वयाचं प्रमाणपत्र पाहा. २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग आहेत, ते पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत, म्हणून पालकांना कळवा. प्रौढांसाठीचा असेल तर अठराखालच्या मुलांना आत घेऊ नका, मग तो पाळकांचा मुलगा असला तरी.

शेवटचं, आणि हे बहुतेक मंडळ्या विसरतात. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात प्रोजेक्टर लावून चित्रपट दाखवता येत नाही. ते खातं घरगुती वापरासाठी असतं, आणि सार्वजनिक प्रदर्शनाला निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी लागते. पत्र लिहा. छोट्या मराठी चित्रपटांचे निर्माते मंडळीतल्या विनामूल्य कार्यक्रमाला अनेकदा कमी पैशांत किंवा आनंदाने परवानगी देतात. उत्तर आलं नाही तर सोपा मार्ग आहे: सगळ्यांनी आठवडाभरात आपापल्या घरी तो चित्रपट पाहायचा, शक्यतो घरच्यांबरोबर, आणि रविवारी उपासनेनंतर तासभर बसायचं. दहा-पंधरा जण पुरेत. तुम्ही 'श्वास'पासून सुरुवात करा, आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या दोघा-तिघांना मुद्दाम बोलवा, आणि पहिल्या दिवशी घड्याळ समोर ठेवून पहिला अर्धा तास स्वतः एकही मत मांडू नका.